टिळक एक, तिलक दुसरे?

रायपूरची पुरानी बस्ती म्हणजे पुण्याच्या कसब्यासारखी. शहर चहूबाजूंनी वाढले, २००० साली छत्तीसगड राज्याची राजधानी झाले, नवे रायपूर वेगळे वसले. तरी मूळ गाव कुठले म्हणून विचारले की बोट इकडेच वळते. महामायेचे देऊळ, जैतूसाव मठ, दूधाधारी मठ, जरा पलीकडे बूढा तालाब. आळीला इकडे ‘पारा’ म्हणतात. ब्राह्मणपारा, कंकालीपारा, तात्यापारा... यातले तात्यापारा हे नाव कानावर पडले की मराठी माणूस हमखास थबकतो, आणि त्याचे चुकत नाही. या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि पुढे १९५६ पर्यंत इथल्या सरकारी कागदांची राजधानीही नागपूरच होती. पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घरे इथे आहेत. त्यांच्या घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी.

अशा घरांतल्या कपाटांत पुस्तके असतात. आजोबांनी नागपूरहून आणलेली, पुण्याहून टपालाने मागवलेली, लग्नात आहेर म्हणून आलेली. आजोबा असतात तोवर ती कपाटात असतात. नंतर नातू हिंदी आणि इंग्रजीत शिकलेला असतो, घर लहान असते आणि एका रविवारी दोन पोती भरतात. एक रद्दीवाल्याकडे जाते. दुसरे, घरात कोणी हळवे असेल तर, वाचनालयाच्या दारात येते. वाचनालयाच्या दारात आलेले हे पोते पुढे कुठे जाते, हा या लेखाचा विषय आहे. आणि त्याचे उत्तर आजकाल बरेचसे संगणकाच्या पडद्यावर ठरते.

पुरानी बस्तीला लागून असलेल्या कंकालीपाऱ्यात आनंद समाज वाचनालय आहे. स्थापना १९०८ ची. म्हणजे शंभरी कधीच ओलांडली. त्या काळात रायपुरात वाचन-लेखनाची जी चळवळ उभी राहिली, तिच्यात एक मराठी नाव ठळक आहे, माधवराव सप्रे. सप्रे जन्मले १८७१ साली दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला आणि गेले १९२६ मध्ये रायपूरला. बूढा तालाबाजवळची सप्रे शाळा त्यांच्याच नावाची. १९०० च्या जानेवारीत त्यांनी पेंड्र्यासारख्या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. सोबत संपादक रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तीन मराठी माणसे आणि मासिक हिंदी! ते चालले जेमतेम तीन वर्षे, १९०२ च्या अखेरीस बंद पडले. पण हिंदी साहित्याच्या इतिहासात त्याला मानाचे पान आहे. हिंदीतल्या आरंभीच्या कथांमध्ये गणली जाणारी सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ याच मासिकात १९०१ साली छापली गेली. आणि हेच सप्रे, ज्यांनी समर्थांचा दासबोध हिंदीत नेला आणि लोकमान्यांचे गीतारहस्यही.

आता गंमत पाहा. मराठी गीतारहस्य १९१५ सालचे. त्याच्या मुखपृष्ठावर नाव असते बाळ गंगाधर टिळक. सप्र्यांच्या हिंदी अनुवादावर तेच नाव होते बाल गंगाधर तिलक. हिंदीत ‘ळ’ रुळलेला नाही आणि ‘टि’चा ‘ति’ झालेला. इंग्रजी प्रतीवर रोमन लिपीतले तिसरेच रूप. रायपूरच्या एखाद्या वाचनालयात ही तिन्ही पुस्तके एकाच खोलीत, कदाचित एकाच फळीवर असू शकतात. जुन्या ग्रंथपालाला यात काहीच अडचण नव्हती. त्याला टिळक ठाऊक होते! वाचकाने खिडकीतून विचारले, “भाऊ, टिळकांचं गीतारहस्य आहे का?” की तो न बघता हात घालायचा. “मराठी पाहिजे की हिंदी?” एवढेच उलट विचारायचा.

संगणकाला टिळक ठाऊक नाहीत. त्याच्या लेखी ‘टिळक’ हा एक इसम, ‘तिलक’ हा दुसरा आणि रोमनमधला तिसरा. पडद्यावरच्या खिडकीत ‘टिळक’ टाकले की तो मराठी प्रत दाखवील आणि हिंदी प्रतीबद्दल मख्ख बसून राहील. वाचक समजेल, इथे नाही. पुस्तक फळीवर असेल आणि तरीही नसल्यात जमा होईल. पाच वर्षे कोणी मागितले नाही म्हणून ते एक दिवस ‘न लागणारे’ ठरेल आणि वर सांगितलेल्या पहिल्या पोत्यात जाईल.

हे असे होऊ नये म्हणून ग्रंथालयशास्त्रात फार जुनी युक्ती आहे. एका माणसाचे एक अधिकृत नाव ठरवायचे आणि त्याची बाकीची सगळी रूपे त्या नावाला बांधून ठेवायची. कार्डांच्या जमान्यात ‘तिलक पाहा: टिळक’ असे कार्ड घालत. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचे ते जाड कार्ड, खाली भोक, त्यातून गेलेली दांडी... चाळीशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. संगणकातही अगदी हेच करता येते. पण ते कोणीतरी करावे लागते. ग्रंथालयाला सॉफ्टवेअर विकणारा ते करत नाही. त्याला टिळक ठाऊक असले तरी ते त्याचे काम नाही. डाटा एंट्रीला रोजंदारीवर बसवलेला मुलगा करत नाही, कारण त्याला दिवसाच्या नोंदींवर पैसे मिळतात. उरतो तो ग्रंथपाल. आणि ग्रंथपाल म्हणतो, “संगणकाचं मला काही कळत नाही बुवा, त्या मुलाला विचारा.”

इथेच घोडे पेंड खाते.

बी. लिब., एम. लिब. झालेल्या मुलामुलींची संख्या आज थोडी नाही. रायपूरच्याच पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात, जे १९६४ पासून आहे, ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे. महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी घेणारे आहेत, ‘इग्नू’कडून घरबसल्या शिकणाऱ्या गृहिणी आहेत. वर्गीकरण त्यांना येते, तालिकीकरण येते, रंगनाथनांचे १९३१ सालचे पाच नियम तोंडपाठ असतात. पण नोकरीच्या मुलाखतीत विचारतात, ग्रंथालयाचे संकेतस्थळ सांभाळता येईल का? कोहा चालवलेय का? तेव्हा बऱ्याच जणी खाली मान घालतात. अभ्यासक्रमात ‘संगणकाची ओळख’ असते. पण ओळख म्हणजे मैत्री नव्हे.

मग आई-वडील विचारतात, हिला आता कॉम्प्युटरचा मोठा कोर्स लावायचा का? हजारो रुपये भरून? या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘घाई करू नका’ असे आहे. ग्रंथपालाला सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचे नसते. स्वयंपाक येण्यासाठी शेती करावी लागत नाही. तांदूळ जुना की नवा एवढे ओळखता आले पाहिजे. ग्रंथालयाच्या कामापुरते जे लागते ते मर्यादित आहे, बरेचसे फुकट मिळते आणि चिकाटी असेल तर रोज तासभर देऊन काही महिन्यांत हाताखालून जाते. फक्त क्रम उलटा असू नये. बहुतेक क्लासवाले सुरुवात करतात झगमगीत वेबपेजपासून. ग्रंथालयवाल्याने सुरुवात करावी अक्षरापासून.

अक्षरापासून म्हणजे काय? १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे आपल्याकडे देवनागरी टंकलेखन व्हायचे ते फॉन्टच्या जोरावर. मराठीकडे श्रीलिपी, हिंदी पट्ट्यात कृतिदेव. हे फॉन्ट म्हणजे एक प्रकारचे सोंग होते. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच साठवायची आणि वरून देवनागरीचा मुखवटा चढवायचा. कृतिदेवमध्ये ‘रायपुर’ लिहिले तर आत काय साठते? जे, के, अर्धविराम, आय, क्यू, पुन्हा जे. पडद्यावर कृतिदेव आहे तोवर सगळे छान दिसते. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली, तिथे तो फॉन्ट नसला, की ‘रायपुर’च्या जागी भुताने लिहिल्यासारखी अक्षरे उमटतात. आणि अशा यादीत ‘रायपुर’ शोधायला जाल तर जन्मात सापडणार नाही, कारण यादीत ते नाहीच. कित्येक वाचनालयांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने केलेल्या याद्या आज अशाच पडून आहेत. काम झाले होते, पैसेही खर्च झाले होते, पण यादी मुकी आहे.

यावरचा उतारा म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक देणारी ही व्यवस्था १९९१ मध्ये सुरू झाली आणि आज मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो ते तीच. जुनी कृतिदेव वा श्रीलिपीतली यादी युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात. ती शंभर टक्के बिनचूक नसतात, जोडाक्षरांत घोटाळे करतात. म्हणून नंतर डोळ्यांत तेल घालून तपासावे लागते. हे तपासणे म्हणजेच ग्रंथपालाचे पहिले खरे संगणकीय काम. सोबत इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घ्यावा. हिंदी आणि मराठी दोन्हींना तोच चालतो, त्यामुळे रायपूरसारख्या दुभाषी गावात त्याचा दुहेरी फायदा.

युनिकोड आले म्हणजे सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. ‘छत्तीसगढ़’मधला तो खाली टिंब असलेला ढ घ्या. तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, अख्खे टिंबवाले अक्षर. दुसरा, साधा ढ आणि मागून टिंब. डोळ्याला तसूभर फरक दिसत नाही, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द दिसू शकतात. आपल्या मराठीतला ‘ॲ’ तर याहून खोडकर. ‘अ’वर चंद्र काढूनही तो लिहितात आणि २००८ पासून युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र अक्षर म्हणूनही जागा आहे. ढ़च्या बाबतीत दोन्ही रूपे एकच मानायची असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, तो लागू करायचे बटण चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये असते. ‘ॲ’च्या बाबतीत असा नियम नाही. तिथे आपल्या ग्रंथालयाने ठरवायचे की आम्ही अमुक रीतीने लिहू, आणि ते भिंतीवर कागद चिकटवून पाळायचे. शिवाय ‘हिन्दी’ की ‘हिंदी’, ‘माधव राव’ की ‘माधवराव’ हे आहेच. हिंदीत नाव तोडून लिहितात, आपण जोडून लिहितो. झाले, सप्र्यांचे दोन सप्रे!

इतका किस काढायचे कारण एवढेच, की हे प्रश्न लंडन-न्यूयॉर्कच्या तज्ज्ञाला सुचणार नाहीत. तात्यापाऱ्यातल्या, घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या मुलीला ते एका मिनिटात सुचतील. तिच्याजवळ जे आहे ते विकत मिळत नाही. फक्त ते संगणकाला सांगायचे कसे, एवढे तिने शिकायचे आहे.

नोंदीचा साचा ही पुढची पायरी. याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६५ साली हेन्रिएट ॲव्हरम नावाच्या बाई रुजू झाल्या. त्या ग्रंथपाल नव्हत्या, प्रोग्रामर होत्या. ग्रंथसूचीचे कार्ड यंत्राला कसे वाचायला द्यायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी आधी ग्रंथपालांचे शास्त्र शिकून घेतले, कार्डावरच्या प्रत्येक गोष्टीला क्रमांक दिला आणि ‘मार्क’ हा साचा तयार केला. लेखकाचे नाव १०० क्रमांकाच्या खणात, पुस्तकाचे नाव २४५ मध्ये, दुसऱ्या लिपीतले रूप हवे असेल तर त्याला ८८० चा खण. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला, जगभरची ग्रंथालये अजून हेच खण भरत आहेत. तिथे प्रोग्रामर बाई ग्रंथालयशास्त्र शिकल्या; इथे ग्रंथपाल बाईंनी थोडे प्रोग्रामिंग शिकायचे. अंतर तेवढेच आहे, फक्त दुसऱ्या टोकाने चालायचे.

आपल्याकडेही ही वाट काही काल-परवाची नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतले आणि पुढच्याच वर्षी बडोद्यात ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. तिथून निघणारे ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असे! १९८० च्या दशकात युनेस्कोने ‘सीडीएस-आयसिस’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य वाटले. भारतातल्या कितीतरी ग्रंथपालांनी संगणकाला पहिला हात लावला तो त्याच्यासाठी. आणि विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या ‘इन्फ्लिबनेट’चा पाळणा हलला तो पुण्यात. १९९१ मध्ये ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या छत्राखाली हा प्रकल्प सुरू झाला, १९९६ मध्ये स्वतंत्र झाला आणि आता गांधीनगरला आहे. त्यांचे ‘सोल’ हे सॉफ्टवेअर महाविद्यालयांत बऱ्याच ठिकाणी दिसते. सरकारी वाचनालयांसाठी एनआयसीचे ‘ई-ग्रंथालय’ आहे.

पण लहान वाचनालयासाठी, ज्याच्याकडे पैसा कमी आणि जिद्द जास्त, ‘कोहा’ची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. न्यूझीलंडमध्ये लेव्हिन नावाचे एक छोटे गाव. तिथल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाजवळ जे संगणकीय तंत्र होते ते सन २००० उजाडले की बंद पडणार होते. नवे घ्यायला परवडेना. त्यांनी काटिपो नावाच्या एका छोट्या कंपनीला सांगून १९९९ मध्ये स्वतःपुरते सॉफ्टवेअर करून घेतले. ३ जानेवारी २००० रोजी ते चालू झाले. आणि मग या गावाने ठरवले, आपल्यासारखी अडलेली वाचनालये जगात पुष्कळ असतील, तेव्हा हे सगळ्यांना फुकट द्यावे. ‘कोहा’ हा माओरी भाषेतला शब्द, अर्थ भेट. आज भारतात लहानमोठ्या अनेक ग्रंथालयांत ही भेट वापरली जाते. देवनागरी शोधासाठी त्यात एक वेगळी जोडणी बसवताना करावी लागते. ती केली नाही तर ‘मराठी शोध चालत नाही’ अशी बोंब उठते आणि दोष बिचाऱ्या कोहाला लागतो.

वेबपेज हे या सगळ्यानंतर येते, आणि तोवर धीर चेपलेला असतो. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मध्ये १९८९ ते १९९१ च्या दरम्यान वेबची मांडणी केली, ती मुळात शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद सापडावेत म्हणून. म्हणजे तेही एका अर्थी ग्रंथालयाचेच काम! एचटीएमएल ही प्रोग्रामिंगची भाषासुद्धा नव्हे. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा, अशा खुणा करायच्या. ज्याने पुस्तकाच्या पाठीवर वर्गांक चिकटवलेत त्याला हे अवघड जाऊ नये. सीएसएस म्हणजे रंगरूप, अक्षराचा आकार, समास. ज्येष्ठ वाचक जास्त असतील तर अक्षर मोठे करायचे, एवढी एक ओळ बदलता आली तरी पुष्कळ. जावास्क्रिप्ट मागाहून, गरज पडेल तेव्हा. कोहामध्ये तर वाचकांसाठीच्या पानाचे रूप बदलायला खास रिकामी जागा ठेवलेली असते. तिथे आपल्या चार ओळी टाकल्या की काम होते, मूळ सॉफ्टवेअरला धक्का लागत नाही.

यापेक्षा किती तरी उपयोगी, आणि तरी क्लासमध्ये मागे पडणारी गोष्ट म्हणजे एसक्यूएल. साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा. गेल्या तीन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली मराठी पुस्तके कोणती? कोणत्या लेखकाचे नाव दोन प्रकारे नोंदवलेय? एकच पुस्तक दोनदा चढलेय का? असे प्रश्न एका वाक्यात विचारता येतात आणि क्षणात यादी समोर येते. वार्षिक सभेत कार्यकारिणी विचारते, “मराठी विभाग ठेवायचा कशाला, वाचतं कोण?” त्या वेळी ज्या ग्रंथपालबाईंच्या हातात अशी यादी असते, त्यांचे बोलणे ऐकून घेतले जाते. बाकीच्यांचे भावनेत वाहून जाते.

आणि तो प्रश्न विचारला जाणार, हे नक्की समजा. रायपुरात २०१८ साली नालंदा परिसर सुरू झाला. चोवीस तास उघडे असणारे भव्य वाचनालय. रात्री दोन वाजताही तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले बसलेली असतात. चांगलेच आहे, लहान घरांतल्या मुलांना दिवा, पंखा आणि शांतता मिळते. पण सगळीकडे वाचनालय म्हणजे अभ्यासिका असे समीकरण होत चालले आहे, आणि अभ्यासिकेला खुर्ची लागते, सप्र्यांचा दासबोध लागत नाही. जुन्या फळ्यांच्या जागी खुर्च्या मांडण्याचा मोह कोणत्याही कार्यकारिणीला होतो. जे पुस्तक शोधात येते ते वाचते. जे येत नाही ते जागा अडवते असे ठरते. भोपाळला विजयदत्त श्रीधर यांनी १९८४ मध्ये माधवराव सप्र्यांच्याच नावाने वृत्तपत्रांचे संग्रहालय उभारले, म्हणून जुन्या नियतकालिकांचे केवढे तरी धन आज अभ्यासकांना बघायला मिळते. पण सगळीच गावे तेवढी नशीबवान नसतात.

आता शिकायचे कुठे? आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्यूटोरियल’ सर्वांत आधी सांगायला हवे. दहा-बारा मिनिटांचे छोटे धडे, पडद्यावर कृती आणि कानात समजावणे, तेही अनेक भारतीय भाषांत. एचटीएमएलचे आहेत आणि कोहाचेही. सगळेच धडे सगळ्या भाषांत नसतात, पण मराठीत नसला तर हिंदीत बघायला रायपूरकराला काय अडचण? पैसे पडत नाहीत. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक्रम असतात. ‘इग्नू’ची ग्रंथालय संगणकीकरण आणि नेटवर्किंग या विषयातली पदव्युत्तर पदविका आहे, कागदावर शिक्का हवा असेल त्यांनी तिचा विचार करावा. क्लासमध्ये पैसे भरण्याआधी मात्र एक प्रश्न जरूर विचारावा: “देवनागरीत शोध कसा चालतो ते दाखवता का?” उत्तर देताना समोरचा चाचपडला तर चहा पिऊन परत यावे.

आणि शिकायला खोटा-खोटा प्रकल्प घेऊ नये. घरातलेच कपाट घ्यावे. आजोबांची शंभर-दीडशे पुस्तके, प्रत्येकाची ओळ युनिकोडमध्ये. लेखक, नाव, प्रकाशक, साल, भाषा. तक्ता भरायला घरातली सगळी बसू शकतात. आजी नावे वाचून दाखवील, नातू टंकील, सूनबाई तपासतील. मुखपृष्ठ फाटलेय, साल सापडत नाही, शकातले साल इसवी सनात कसे बदलायचे... खरे प्रश्न इथेच भेटतात. शकात ७८ मिळवले की बहुतेक वेळा जमते, जानेवारी ते मार्चमधल्या तारखा असतील तर ७९. मग त्या तक्त्याचे एक साधे वेबपेज. त्यात ‘टिळक’ शोधले की ‘तिलक’ही आला पाहिजे, हा पहिला गृहपाठ. तो ज्या दिवशी जमेल त्या दिवशी त्या मुलीने बेलाशक वाचनालयाच्या कार्यवाहांना जाऊन भेटावे.

वाचनालय चालवणाऱ्यांनाही एक गोष्ट कानात सांगण्यासारखी आहे. सॉफ्टवेअर फुकट असो वा विकतचे, यादी तुमची आहे. ती ‘मार्क’च्या किंवा साध्या तक्त्याच्या रूपात पूर्णपणे बाहेर काढून देता येईल का, हे करारावर सही करण्याआधी लिहून घ्यावे. कंपनी गुंडाळली जाते, वर्षाचे शुल्क वाढते, बसवून देणारा मुलगा बंगलोरला निघून जातो; आणि यादी त्या बंद पेटीत अडकून राहते. दर शनिवारी वाचनालय बंद करताना त्या आठवड्याची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क वाचनालयाच्या इमारतीत ठेवू नये. कार्यवाहांच्या घरी, दागिन्यांच्या कपाटात ठेवली तरी चालेल. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघावी; उघडत नसलेली प्रत काय कामाची? रायपूरचा पावसाळा आणि उन्हाळ्यातला विजेचा लपंडाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यापुढचे सांगायला नको.